आरशांची दुपार

माझे थोरले दीर इम्रिख हुदाक रविवारी चर्चच्या दारातून बाहेर पडले की शिंकायचे. एकदा नाही, ओळीनं तीनदा. डोळ्यांवर ऊन पडायचा अवकाश, की मान मागे जायची आणि सगळा चौक दणाणायचा. मागून येणारी पोरं मोठ्यानं मोजायची, बायका डोईच्या रुमालाआड हसायच्या, आणि भावोजी टोपी नाकापर्यंत ओढून, जाऊबाईंचा हात धरून चढावरून घराकडे निघायचे. दहा-बारा मिनिटं त्यांना धड दिसायचं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. कुणी "राम राम" म्हणावं तसं "देवाची स्तुती असो" म्हटलं, तर आवाजावरून ओळखून उत्तर द्यायचे.

चौदा वर्षं ते खाणीतल्या तबेल्यात होते. शाफ्टच्या उभ्या विवरातून उतरलं की जमिनीखाली चारशे फुटांवर, खडक कोरून केलेल्या लांबट गुहेत, एकतीस खेचरं. कोळशाच्या गाड्या तीच ओढायची. एकदा खाली नेलेलं खेचर चार-चार, पाच-पाच वर्षं वर येत नसे. त्यांना दाणा घालायचा, खरारा करायचा, नाल तपासायचे, जखमा धुवायच्या, हे भावोजींचं काम. सूर्य उगवायच्या आत खाली आणि मावळल्यावर वर. हिवाळ्यात तर त्यांना सूर्य रविवारीच भेटायचा. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या असत की डोळ्याचा मूळ रंग कोणता, ते मला लग्नानंतर दोन वर्षं कळलं नव्हतं.

वस्तीत त्यांना दिवाभीत म्हणायचे. तोंडावरसुद्धा म्हणायचे. ते हसायचे.

अंधारात मात्र त्यांची सर कुणाला नव्हती. माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी खाली छत कोसळलं, वाऱ्याच्या झोतानं सगळे दिवे विझले, आणि नऊ माणसं एका बाजूच्या बोगद्यात अडकली. सगळे वेड्यासारखे भिंती चाचपत होते. भावोजी बारबोरा नावाच्या आपल्या सगळ्यात जुन्या खेचराला घेऊन तिथवर गेले. तिच्या शेपटीला एकानं धरलं, त्याच्या पट्ट्याला दुसऱ्यानं, असे नऊच्या नऊ जण बाहेर आले. त्यांतला सहावा माझा नवरा, गाश्पार. भावोजींचा धाकटा भाऊ.

हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना ते विसरल्यासारखं करायचा मोह होतो.

एकोणीसशे दोन साली मे महिन्यात संप झाला. सगळ्या खाणी बंद. आमच्याकडचे स्लोव्हाक, पलीकडच्या ओळीतले पोलिश, लिथुआनियन, सगळे एकदिलानं वर आले. गाश्पार समितीवर निवडून आला. त्याला बोलता यायचं, आणि त्याला बोलायला आवडायचं. पहिले तीन आठवडे खेचरांची कुणी बात काढली नाही. समितीनंच सांगितलं होतं, पंप चालवणारे आणि तबेल्याचा माणूस खाली जाईनात का. पण जूनमध्ये संघटनेचा वरून हुकूम आला की पंपवालेही बाहेर, सगळेच बाहेर. खाण पाण्यानं भरू दे, मग कंपनी शुद्धीवर येईल.

त्या संध्याकाळी गाश्पार भावोजींकडे गेला. मी बरोबर होते. जाऊबाईंनी, म्हणजे इल्कानं, बटाट्याचे गोळे केले होते, वर आंबूस चीज. आम्ही ताटावर बसलो आणि गाश्पारनं चमचा खाली ठेवला.

"दादा, उद्यापासून तू जायचं नाहीस."

"मग त्यांना पाणी कोण पाजणार?"

"पाणी त्यांच्याकडे आपल्या पायानं येईल." गाश्पार हसला. मीही हसले.

भावोजी हसले नाहीत. "कंपनीनं काही माणसं आणलीत पंपावर. त्यांना पंप कळत नाही. रोज वीतभर पाणी चढतंय. मी खेचरं वर काढायला सांगतोय साहेबाला, पण तो म्हणतो संप आठवड्यात मोडेल. तोवर मी त्यांना सोडून येऊ?"

"ती कंपनीची खेचरं आहेत."

"कंपनीला त्यांची नावं तरी माहीत आहेत का?"

"दादा, हे बघ. मी समितीवर आहे. माझाच भाऊ खाली जातो म्हटल्यावर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत. धुऊन टाक," भावोजी म्हणाले. "ए इल्का, त्याला अजून वाढ."

गाश्पार उठला. मला उठावं लागलं. माझ्या ताटात तीन गोळे होते, ते तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी खाली गेले, आणि त्या दिवसापासून वस्तीनं त्यांना वाळीत टाकलं. कुणी ठराव केला नाही, कुणी दवंडी पिटली नाही. आमच्या घरांच्या ओळीमागे मातीची एक मोठी भट्टी होती, तिच्यात आळीपाळीनं सगळ्यांचे पाव भाजले जायचे. शुक्रवारी इल्का परात घेऊन आली. भट्टीजवळ त्या दिवशी माझी पाळी होती, लांब दांड्याचं फावडं माझ्या हातात होतं.

"वेरोना, माझे सहाच आहेत," ती म्हणाली.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. शेजारची आंचा तर कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"जागा नाही, जाऊबाई," मी म्हटलं.

भट्टी अर्धी रिकामी होती. ते तिलाही दिसत होतं. तिनं परात उचलली आणि गेली. आंचा मागून ओरडली, "घरी खेचरं आहेत ना, त्यांच्या पोटाखाली ठेव, ऊब लागेल!" बायका खदखदून हसल्या. मला त्या क्षणी, खरं सांगते, बरं वाटलं. आता माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं.

त्यानंतर त्यांच्या दारावर डांबर फासलं गेलं. त्यांच्या कोंबड्या मेल्या. भावोजी पहाटे निघाले की दारादारांतून घुबडासारखे आवाज काढायचे लोक. कंपनीनं त्यांना सोबतीला बंदुकवाला शिपाई दिला, तर ते म्हणाले नको, मला अंधारात वाट सापडते.

जुलै उजाडला. खायचे हाल सुरू झाले तशा आम्ही सगळ्या बायका टेकडीवर रानबेरी वेचायला जायला लागलो. इल्का लांब, एकटीच वेचायची. एके दिवशी मी एका झुडपाला वळसा घातला आणि समोर तीच. आसपास कुणी नव्हतं. तिची बोटं निळीजांभळी झालेली, तोंड सुकलेलं.

"कुणी बघत नाहीये," ती म्हणाली. "दोन मिनिटं बस."

मी बसले.

"शेवटी काढतायत वर खेचरं. परवा. पाणी तबेल्याच्या उंबऱ्याला लागलं."

"बरं झालं की."

"कसलं बरं! टॉलिव्हर साहेबाला भर दुपारी काढायचीत. शहरातून वर्तमानपत्रवाला येणार आहे फोटो घ्यायला. संपवाल्यांनी मुकी जनावरं बुडवायला ठेवली होती आणि कंपनीनं वाचवली, असा फोटो." ती माझ्याजवळ सरकली. "यांनी हात जोडले त्याच्यापुढे. म्हणाले, सूर्य मावळल्यावर काढू या. अंधारात बाहुली विहिरीसारखी उघडी पडते, तिच्यात एकदम ऊन ओतलं तर जनावर वेडं होतं. आधी काढायचं सांजवेळी, डोळ्यांवर पोतं बांधून, मग बंद गोठ्यात ठेवायचं, आणि रोज एकेक फळी काढून उजेड वाढवायचा. आठ दिवस. साहेब म्हणाला, आठ दिवस माझ्याकडे नाहीत. पोती बांध हवं तर."

"मग?"

"मग काय, पोती शिवतेय मी. एकतीस. सव्वीस झाली. तुझ्याकडे पिठाच्या रिकाम्या पिशव्या असतील ना?"

मी मांडीवरच्या बेरी निवडत राहिले.

"त्यांना स्वतःला वर आल्यावर काही दिसत नाही ग," ती म्हणाली. "शाफ्टच्या तोंडाशी छपरात दहा मिनिटं उभे राहतात नेहमी, मगच पाऊल टाकतात. परवा तेवढंही उभं राहू देतील का, कोण जाणे. प्रत्येक खेचराबरोबर वर यायचं, लगेच परत खाली. एकतीस वेळा अंधारातून उन्हात, उन्हातून अंधारात. त्यांचं डोकं फुटेल."

संध्याकाळी मी पाच पिशव्या तिच्या मागच्या दाराशी ठेवून आले. कुणी पाहिलं नाही. एवढं चांगलं काम मी केलं.

आणि रात्री जेवताना ते सगळं गाश्पारला सांगितलं.

का सांगितलं, हे मला पुष्कळदा विचारावंसं वाटलं स्वतःला. काही कारण नव्हतं. संप लागल्यापासून तो घरात माझ्याशी बोलतच नव्हता, सगळं बोलणं बाहेर संपवून यायचा. त्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं. बाहुली, विहीर, दहा मिनिटं, सगळं सांगितलं. त्याचा घास हातात तसाच राहिला. मला वाटलं भावाची कणव आली.

"म्हणजे वर आल्यावर त्याला काहीच दिसत नाही?"

"तुला माहीत नाही होय? चर्चमध्ये बघतोस की."

"बघतो," तो म्हणाला. "पण असा विचार नव्हता केला."

दुसऱ्या दिवशी समितीच्या लोकांनी घरोघर निरोप दिला. उद्या दुपारी खाणीच्या कुंपणाशी जमायचं. दगड आणायचे नाहीत, काठ्या आणायच्या नाहीत. शिपायांना गोळी घालायला निमित्त द्यायचं नाही. प्रत्येकानं घरातला आरसा आणायचा.

"उजेडाला कोण अटक करणार?" गाश्पार म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नुसती गंमत होती ती. फितुराला जरा उजेड दाखवायचा, फोटोवाल्याच्या काचेवर चकाकी मारून फोटो खराब करायचा, बस. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. सगळी वस्ती दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसत होती.

माझा आरसा हातभर उंचीचा होता, लाकडी चौकटीचा. लग्नात आईनं दिलेला, समुद्र ओलांडून पेटीतल्या पिसांच्या रजईत गुंडाळून आणलेला. वस्तीत एवढा मोठा आरसा दुसरा नव्हता. मी तो सकाळी फडक्यानं पुसला. घासून पुसला.

दुपारी बारा वाजता आम्ही दोनशे-अडीचशे जण कुंपणाला लागून उभे होतो. बायकांनी पाणी आणलं होतं, पोरांच्या हातात बेरी होत्या. उन्हाचा कहर. कुंपणापासून शाफ्टचं तोंड जेमतेम चाळीस पावलांवर. वर लाकडी मनोरा, त्यावर चाक, चाकावरून खाली गेलेला दोर, आणि दोराला लोखंडी पिंजरा. एरवी शाफ्टच्या तोंडाला आडवं फाटक असे. खेचरं बाहेर काढायला अडचण होते म्हणून ते त्या दिवशी उचकटून बाजूला ठेवलं होतं. बंदुका घेतलेले आठ शिपाई, पांढऱ्या कोटातला टॉलिव्हर साहेब, आणि तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा लावून काळ्या कापडात डोकं घातलेला फोटोवाला.

घंटा वाजली. चाक फिरलं. पिंजरा वर आला.

आधी बारबोरा दिसली. डोळ्यांवर पोतं बांधलेली, कान मागे टाकलेली. तिच्या गळ्याला हात घालून भावोजी. टोपी पुढे ओढलेली, डोळे गच्च मिटलेले. ते मिटल्या डोळ्यांनीच तिला बाहेर घेऊन आले, चार पावलं, पाच पावलं, आणि छपराची सावली संपायच्या आत थांबले. त्यांना तिथे थांबायचं होतं. मला ते कळत होतं. तिथे उभं राहून हळूहळू डोळे उघडायचे होते.

"पुढे आण," टॉलिव्हर म्हणाला. "उन्हात आण. आणि ते पोतं काढ."

"साहेब, पोतं नको काढायला."

"खेचराचं तोंड दिसलं पाहिजे. पोत्याचा फोटो कोण छापेल?"

भावोजींनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा एक शिपाई पुढे झाला आणि त्यानं पोतं ओढून काढलं.

बारबोरा आधी दगडासारखी उभी राहिली. मग तिच्या खांद्यापासून मागच्या पायापर्यंत थरकाप गेला. डोळे मिटले, डोकं खाली घातलं, भावोजींच्या काखेत तोंड खुपसायला लागली. साहेबानं हात केला आणि एका माणसानं घंटेची दोरी ओढली. पिंजरा पुढचं खेचर आणायला खाली गेला. नेहमी तो भावोजींना घेऊन जायचा, पण खालच्या दोघांनी दुसरं खेचर तयार ठेवलं होतं, आणि फोटोवाल्याला तीनची गाडी पकडायची होती. भावोजींची पाठ शाफ्टकडे होती. पिंजरा गेलेला त्यांनी पाहिला नाही. ऐकला असेल एरवी, पण तेवढ्यात आमच्या बाजूनं गलका झाला.

"आता!" गाश्पार ओरडला.

दोनशे आरसे वर आले. मनोऱ्याच्या काळ्या फळ्यांवर कवडसेच कवडसे नाचायला लागले, जमिनीवर, शिपायांच्या टोप्यांवर, साहेबाच्या कोटावर. पोरं किंचाळायला लागली आनंदानं. मग एकेक करून कवडसे सरकत सरकत भावोजींच्या चेहऱ्यावर जमा झाले. मी माझा आरसा डावीकडे कलवला की एक मोठा चौकोनी उजेड डावीकडे जायचा, उजवीकडे कलवला की उजवीकडे. तो माझा होता. मी तो त्यांच्या छातीवरून गळ्यावर नेला, गळ्यावरून तोंडावर. तिथे स्थिर धरला. माझा हात हलला नाही.

ते शिंकले.

"एक!" सगळी वस्ती ओरडली.

पुन्हा शिंकले. "दोन!"

तिसऱ्या शिंकेला तर असा आवाज झाला की टेकडीवरून परत आला. लोक पोट धरून हसत होते. भावोजींनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. बारबोराचा दोर सुटला. ती उधळली, फोटोवाल्याची कॅमेऱ्याची घोडी पाडून पलीकडे कुरणाकडे धावली, आणि शिपाई तिच्यामागे. भावोजी एकटे उरले. बोटांच्या फटींतूनही उजेड जात असणार. ते वळले. जिकडे काळोख होता तिकडे वळले. आख्ख्या आवारात एकच काळी जागा होती, आणि चौदा वर्षं त्या जागेत पिंजरा उभा असायचा, पाय टाकला की खाली नेणारा. त्यांनी हात चेहऱ्यावरून काढला, पुढे धरला, आणि घाईघाईनं चार पावलं चालून आत गेले.

ओरडलेसुद्धा नाहीत. किंवा ओरडले असतील, आम्हालाच ऐकू आलं नाही. मागच्या बाजूला उभे होते त्यांना काही दिसलं नव्हतं, ते बराच वेळ हसत राहिले. माझ्या शेजारी आंचा उभी होती. ती "कुठे गेला? कुठे गेला?" असं विचारत आरसा अजून हलवतच होती. तिचा कवडसा रिकाम्या फळ्यांवर त्यांना शोधत फिरत होता.

गाश्पारनं आरसा खाली केला. त्याचं तोंड उघडं होतं, ओठांवर हसू तसंच राहिलं होतं, पुसायला विसरल्यासारखं.

पिंजरा थांबवला, परत वर घेतला. त्यांना बाहेर काढायला एक तास लागला. इल्का घरीच होती, शेवटची पोती शिवत. तिला सांगायला कुणी जायला तयार नव्हतं. शेवटी फादरना पाठवलं.

उरलेली तीस खेचरं दुसऱ्या दिवशी वर काढली. पोती कशी बांधायची ते कुणाला माहीत नव्हतं, आणि बांधायची कुणाला गरजही वाटली नाही. तीन खेचरांचे पाय मोडले, ती तिथेच गोळी घालून मारली. बाकीची कुरणात सोडली. आठवडाभर ती माना खाली घालून कुंपणाच्या सावलीत एकमेकांना चिकटून उभी होती. मग एके सकाळी बघतो तर गवतात लोळत होती, पाय वर करून.

चौकशी झाली. कंपनी म्हणाली, संपवाल्यांच्या आरशांनी माणूस मेला. समिती म्हणाली, कंपनीनं फाटक काढलं, पिंजरा न थांबता खाली पाठवला, म्हणून माणूस मेला. दोन्ही खरं होतं. मॅजिस्ट्रेटनं अपघात असं लिहिलं आणि तो जेवायला गेला.

मातीला सगळे आले. जे कुंपणाशी होते तेच. आंचा सगळ्यांत मोठ्यानं रडली. बायकांनी आपणहून इल्काचे पाव भाजून दिले, बारा मोठे पाव, वर खसखस लावलेले. इल्कानं ते घेतले, आभार मानले, आणि सगळ्यांच्या देखत पलीकडच्या डुकरांना घातले. एकेक मोडून घातले.

घर कंपनीचं होतं. कामाला माणूस नाही तर घर नाही. तिला आठ दिवसांची मुदत दिली. नवव्या दिवशी ती क्लीव्हलंडला भावाकडे निघाली. मी गाडीशी गेले. गाश्पार आला नाही. तिनं गाठोडी चढवली, मग हातातली एक घडी माझ्यापुढे केली. माझ्या पाच पिशव्या. धुतलेल्या, प्रत्येकीला कानांसाठी दोन चिरा आणि बांधायला नाड्या.

"तुझ्या वापरल्या नाहीत," ती म्हणाली.

मी त्या घेतल्या.

"वेरोना, तुझ्या हातात होता का आरसा?"

"नाही, जाऊबाई."

"तू नव्हतीस तिथे?"

"होते. पण आरसा नव्हता माझ्याकडे. शपथ."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढी वस्ती तिच्याशी बोलून गेली होती, तिला कुणी सांगितलं नसेल असं नाही.

"आणि वर आल्यावर त्यांना दिसत नाही, हे गाश्पारला कुणी सांगितलं?"

"भाऊच होता तो. त्याला माहीत नसणार का?"

"हो," ती म्हणाली. "भाऊच होता."

गाडीवानानं लगाम हलवला. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि मी त्या पिशव्या छातीशी धरून घरी आले. पिशव्यांचा कपडा चांगला होता. मी नाड्या उसवून टाकल्या आणि त्यांचे टॉवेल केले.

ऑक्टोबरात संप मिटला. पुष्कळांना कामावर परत घेतलं नाही, समितीवाल्यांना तर मुळीच नाही. गाश्पार तीन आठवडे रोज फाटकाशी जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा. मग एक दिवस टॉलिव्हरनंच त्याला आत बोलावलं. खेचरं परत खाली न्यायची होती आणि ती जात नव्हती. चार महिने ऊन, गवत, पाऊस बघितलेली जनावरं शाफ्टचं तोंड दिसलं की मागच्या पायांवर उभी राहत. दोन माणसं जखमी झाली होती.

"तू हुदाक ना?" साहेब म्हणाला. "तुझ्या घराण्यात आहे म्हणे ही विद्या."

गाश्पारनं हे मला आल्यावर सांगितलं. साहेब थट्टेनं म्हणाला की खरंच विसरला होता, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तो हो म्हणाला. आमच्या घरात तेव्हा कोबीच्या पाण्याखेरीज काही नव्हतं.

पहिल्या दिवशी तो वर आला तेव्हा अंगभर माती, एका गालावर खुराचा ओरखडा. चुलीशी बसला. बराच वेळ बूटही काढले नाहीत.

"अठ्ठावीस नेली," तो म्हणाला. "पट्ट्यांनी मारत मारत. खाली पोचली की एकदम गप्प. पाऊल उचलत नाहीत. मी दिवा धरला तरी त्यांना दिसत नाही. डोळे उघडे टक्क, आणि भिंतीवर जाऊन आपटतात. एकेकाला निदान अर्धा तास लागतो, वेरोना. मग कुठे चालायला लागतात."

"मग थांबलास तू?"

"नाही थांबलो. साहेबाला संध्याकाळच्या आत सगळी तबेल्यात हवी होती. ओढली." त्यानं हाताचे तळवे बघितले, दोरानं सोललेले. "बारबोरा तेवढी आली नाही. बोगद्यात मध्येच उभी राहिली आणि माझ्या काखेत तोंड घालायला लागली. अंधारात काय कळणार तिला, कोण आहे ते. वासावरून म्हणशील, तर आमचा वास सारखाच असेल."

मी चुलीवरचं भांडं खाली घेतलं.

"तू मला सांगितलं नसतंस," तो म्हणाला, अगदी हळू, "तर मला ते सुचलंच नसतं."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं," मी म्हटलं. तो खोटं बोलत नव्हता, मी बोलत होते. त्यानं काही विचारलं नव्हतं.

त्यानं मान हलवली. मी सूप वाढलं. त्यानं ते सगळं प्यायलं आणि भांडं पुढे केलं, मी पुन्हा वाढलं.

"उद्यापासून डब्यात पाव जास्त दे," तो म्हणाला. "खाली भूक फार लागते."

मी पाव जास्त द्यायला लागले. एकोणीस वर्षं दिले.